कॅलिफोर्नियाच्या बाईंचं उखळ

"उचलता येते का?"

बाईंचा हा पहिला प्रश्न. कोणी काहीही नवीन घेतलं की हाच. मी घरात सोफा आणला तेव्हा सगळी गल्ली येऊन बसून गेली, दाबून गेली, कापडाला हात लावून गेली. बाई आल्या, सोफ्याच्या एका टोकाशी वाकल्या, दोन्ही हात खाली घातले, जोर लावला आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आणून म्हणाल्या, "उचलत नाही वं. कशी नेशील?"

"कुठी न्यायचा आहे?" मी विचारलं.

"ते आधी कोणाले माहीत असते?" बाई म्हणाल्या आणि चहा घ्यायला खाली सतरंजीवर बसल्या. त्या सोफ्यावर त्या कधीच बसल्या नाहीत.

माझी चक्की आहे. उत्तर नागपुरात, एका विहाराच्या मागच्या गल्लीत. चक्कीवालीचा आवाज कसा असतो ते तुम्हाला माहीतच असेल. पट्टा फिरत असताना गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, आणि मग ती सवय लग्नात, मयतीत, दवाखान्यात, सगळीकडे आपल्यासोबत येते. बाईंचा आवाज नेमका उलटा. दळणाच्या डब्यांच्या रांगेतून त्या हळूच जायच्या, प्रत्येक डबा कडीला धरून उचलून पाहायच्या, आणि एखादा जड लागला की त्याच्या मालकिणीला समजावायच्या, "दोन डबे कर. एका हातात एक. दोन हात, बस."

चक्कीच्या वर एक खोली आहे. दिवसभर हादरते म्हणून ती कोणी भाड्यानं घेत नव्हतं. बाईंनी पाहिली आणि लगेच घेतली. "मले भूकंपाची सवय आहे," म्हणाल्या. कॅलिफोर्नियाच्या ना!

हो, कॅलिफोर्नियाच्या. चेहरा जपानी, पासपोर्ट अमेरिकेचा आणि मराठी आमच्या गल्लीची. पहिल्यांदा त्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर आल्या होत्या, तिकडच्या बौद्ध मंडळींच्या एका गटासोबत. त्या गर्दीत भलेभले हरवतात; बाईही गटापासून सुटल्या. आमच्या बायांनी त्यांना हाताला धरून आपल्यात बसवलं, डब्यातली भाजी-पोळी खाऊ घातली, आणि संध्याकाळपर्यंत बाईंना "काहून" आणि "हाव" हे दोन शब्द यायला लागले होते. पुढच्या हिवाळ्यात त्या एकट्याच आल्या. मग दर हिवाळ्यात. विहाराच्या मुलींच्या होस्टेलवर जाऊन इंग्रजी गप्पा मारायच्या, आणि उरलेला वेळ माझ्या चक्कीत.

मराठी त्यांनी बायांकडूनच उचलली, त्यामुळे "तुम्ही" हा शब्द त्यांना कधी भेटलाच नाही. विहारातल्या सत्तरी गाठलेल्या गुरुजींनाही त्या म्हणायच्या, "काहून गा, जेवला का नाही?" गुरुजी लाजायचे, पण खूश व्हायचे.

नवीन माणूस त्यांना हटकून जपानीबाई म्हणायचा. बाई हसून सांगायच्या, "मी जपानची नाही. माझी मायही नाही. आजोबा होता."

"मग जपानी तर येत असंन?"

"नाही येत."

"आँ? मराठी येते अन् जपानी नाही? काहून?"

"आईनं शिकवली नाही."

एवढंच. यापुढे बाई बोलत नसत, आणि विचारणारा पट्ट्याच्या आवाजात विसरून जाई.

मग एका नोव्हेंबरात भर दुपारी लाइट गेली. जवळचं ट्रान्सफॉर्मर उडालं होतं, संध्याकाळशिवाय येणार नव्हती. चक्की बंद. इतकी शांतता की मला माझ्याच दुकानात परक्यासारखं वाटायला लागलं. बाई खाली आल्या, गव्हाच्या पोत्यावर बसल्या. आणि त्या दुपारी मी त्यांचं बोलणं पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. गंमत पाहा, तीन हिवाळे बाई माझ्या डोक्यावर राहत होत्या!

त्यांचे आजोबा जहाजानं अमेरिकेला गेले, दुसऱ्याच्या शेतात स्ट्रॉबेरी तोडायला. पोरगी पाहायला परत जाणं परवडत नव्हतं म्हणून फोटो पाठवून लग्न जमलं. आजी बंदरावर उतरली तेव्हा फोटोतला नवरा शोधत राहिली. फोटो दहा वर्षं जुना होता. "आजोबा समोरच उभा," बाई सांगत होत्या, "अन् आजी त्याच्या मांगं पाहून राहिली!" मी इतकी हसले की रस्त्यावरचा माणूस थांबला.

तिथला कायदा असा की जपानहून आलेल्याला तिथला नागरिक होता येत नाही, आणि जमीनही घेता येत नाही. पण मुलं तिथं जन्मलेली, ती पक्की अमेरिकन. मग आजोबांनी थोरल्या मुलाच्या नावावर जमीन केली. मुलगा रांगत होता.

"दूध पिता जमीनदार," मी म्हटलं.

"हाव ना! माझा मामा."

त्या छोट्या गावात मग अशी घरं वाढत गेली. एक बुद्धमंदिर झालं, किराणा झाला, फुलांच्या नर्सऱ्या झाल्या, रविवारी पोरांचं बेसबॉल. आणि वर्षाच्या शेवटी सगळी घरं आजोबांच्या अंगणात जमायची, कारण तिथं उखळ होतं. नदीतून ओढून आणलेला दगड, आजोबांनी स्वतः टाकी मारून पोखरलेला. त्यात वाफवलेला चिकट तांदूळ घालायचा. एकानं लाकडी हातोड्यानं घाव घालायचा, आणि दोन घावांच्या मधे दुसऱ्यानं आत हात घालून गोळा उलटायचा. घाव, हात. घाव, हात. मग त्याचे मऊ गोळे करून नव्या वर्षाचं तोंड गोड. बाईंची आई तेव्हा लहान मुलगी. तिचं काम उखळापाशी बसायचं.

"मग?" मी विचारलं.

"मग लढाई लागली."

जपाननं अमेरिकेवर हल्ला केला आणि जन्मापासून अमेरिकन असलेली मुलंसुद्धा एका दिवसात शत्रू झाली. खांबाखांबावर हुकूम चिकटवला गेला. अमुक दिवशी हजर व्हा, आणि दोन हातांत उचलता येईल तेवढंच सामान आणा. बाईंच्या आईनं एका हातात उशीची खोळ धरली, तिच्यात कपडे कोंबलेले. दुसऱ्या हातात धाकटा भाऊ. म्हणजे तिचे दोन हात भरले. आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात, घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं. मग वाळवंटात, तारेच्या कुंपणाआड, वर्षानुवर्षं. परत आले तेव्हा घरात दुसरेच लोक राहत होते, आणि अंगणात उखळ नव्हतं. कोणी नेलं, कसं नेलं, कळलं नाही. त्यानंतर आईनं घरात जपानी शब्द उच्चारला नाही. मुलांना जपानी शिकवली नाही. आणि एक नियम केला: दोन हातांत मावत नाही ते आपलं नाही.

"बऱ्याच वर्षांनी सरकारनं माफी मागितली," बाई म्हणाल्या. "कागद आला. आईनं एका हातानं उचलला अन् म्हणाली, याले तर वजनच नाही."

माझी आजी सावनेरची. छप्पन साली धम्म घेऊन गावी परतली तेव्हा देव्हाऱ्यातले देव तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले आणि रिकाम्या हातानं हसत घरी आली. ते मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "तिनं सोडलं. आमच्याकडून सोडवलं." मला एकदम भरून आलं, आणि मला भरून आलं की मी ओरडते. मी ओरडले, "बाई, या वर्षी ते गोळे आपण इथी करू!"

खरं सांगते, मी बोलून गेले तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं. पण बाईंचा चेहरा असा उजळला की आता माघार घेणं शक्य नव्हतं. "आईले ऐकवता येईल," त्या म्हणाल्या. "फोनवर. आवाज."

कारण आई नव्वदीची. बाईंचा भाऊ हिवाळ्यात तिच्याजवळ असे आणि उन्हाळ्यात बाई, अशी दोघांची वाटणी होती. आईचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं. गावातली जुनी घरं पांगली, तरुण शहरांत गेले, ते बुद्धमंदिरही बंद व्हायच्या बेतात. कुटणं तर केव्हाच थांबलेलं; गोळे पाकिटात मिळतात. बाईंना एकच हवं होतं. आईच्या कानावर तो आवाज एकदा पडावा, तिला ऐकू येतंय तोवर.

झालं, गल्ली पेटली! त्या पदार्थाला जपानीत नाव आहे, पण आमच्या बायांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव "बाईचे लाडू" ठेवून टाकलं.

पहिला घोळ अर्थात मी घातला. चक्कीवालीला तांदळाचे लाडू म्हटलं की तिच्या डोक्यात काय येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तम चिन्नोर तांदूळ बारीक दळून, चाळून, डबा भरून बाईंसमोर ठेवला. बाईंनी सवयीनं आधी डबा उचलून पाहिला, मग झाकण उघडलं आणि तोंडावर हात ठेवला.

"पीठ काहून केलं?"

"मंग? न दळता लाडू कसे होतीन?"

"कुटायचं आहे वं! भात कुटायचा आहे!"

चिन्नोरचा भात शिजवून पाहिला, तर तो आमच्या अभिमानाला जागून मोकळाच झाला. दाणा दाणा वेगळा. आपल्याकडे चिकट भात म्हणजे सुनेचा बिघडलेला भात; तो मुद्दाम करायचा हेच बायांना पटेना. शेवटी होस्टेलच्या वॉर्डन मदतीला आल्या. त्या अरुणाचलच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हमारे घर तो रोज यही चावल बनता है." आम्ही सगळ्या त्यांच्याकडे अशा पाहायला लागलो की बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांच्या गावाकडून परतणाऱ्या मुलींसोबत आगगाडीनं एक थैली आली. आमच्या हातात पडली तेव्हा गल्लीत टाळ्या वाजल्या.

राहिलं उखळ. माझ्या आजीचं लाकडी उखळ सावनेरहून मागवलं, तर ते तडकलेलं. मग सुरेशभाऊ आम्हाला पाथरवटाकडे घेऊन गेले. सुरेशभाऊ म्हणजे आमच्या समोरचे ऑटोवाले. दंड असे की ऑटो बंद पडला तर मागून एकटे लोटतात. शहराबाहेरच्या रस्त्याला पाटे-वरवंटे घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या पाथरवटानं आमचं म्हणणं ऐकलं आणि विचारलं, "केवढं पाह्यजे?"

बाईंनी दोन्ही हात पसरले. मोठं आंब्याचं झाड कवेत घ्यावं तसे.

पाथरवट हसला. "बाई, एवढं उचलन कोण?"

मी बाईंकडे पाहिलं. हा तर त्यांचाच प्रश्न! आयुष्यभर त्यांनी जगाला विचारलेला. आता त्या हात आखडतील, लहान सांगतील, असं मला वाटलं. हात तसेच पसरलेले.

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "कोणालेच उचललं नाही पाह्यजे."

तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. सुरेशभाऊंना काहीच कळलं नाही, पण तेही म्हणाले, "बराबर आहे!"

उखळ आलं ते ट्रॉलीतून, आणि उतरवताना अख्ख्या गल्लीचा घाम निघाला. चक्कीच्या दाराशी, रस्त्याच्या कडेला ते ठेवलं. काळं कुळकुळीत. सुरेशभाऊंनी बाभळीचा हातोडा करून आणला. बाईंना तो देताना म्हणाले, "उचलून पाहा." बाईंनी पाहिला. तो मात्र उचलला.

डिसेंबरच्या अखेरीचा रविवार ठरला होता. पण डिसेंबर लागला आणि एका सकाळी बाई जिन्यावरून हळूहळू उतरल्या. भावाचा फोन आला होता. आईनं बोलणं सोडलं होतं, खाणंही जवळजवळ सोडलं होतं. मिळेल ते पहिलं विमान त्यांनी घेतलं होतं, येत्या रविवारी संध्याकाळचं.

"मग रविवारी सकाळी," मी म्हटलं.

"तयारी कुठी आहे?"

"तुमी जिना चढा अन् बॅग भरा. तयारी आमी पाहतो!"

पुढच्या दिवसांत काय धावपळ झाली म्हणता! विहारातून भोजनदानाचे मोठे गंज, म्हणजे पातेली, आणले. तांदूळ भिजले. वाफवायला कोऱ्या धोतराचं कापड फाडलं. मी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, रविवारी चक्की बंद, कोणी दळण आणलं तर त्यालाच कुटायला बसवीन.

रविवारी सकाळी साडेआठला आमच्याकडे उन्हं आली होती. तिकडे कॅलिफोर्नियात शनिवारची संध्याकाळ. सुरेशभाऊंनी ऑटो उखळाजवळ आणून लावला, कारण फोन अडकवायची उत्तम सोय त्यांच्याच हँडलवर होती. गंजातून वाफा निघत होत्या. गरम भात उखळात पडला आणि सुरेशभाऊंनी हातोडा उगारला. बाई उखळाशी बसल्या, आत हात घालून गोळा उलटायला.

"योइशो!" बाईंनी हाक दिली. हे मात्र जपानी त्यांना येत होतं. जोर लावताना ओरडायचा शब्द.

"हैशा!" गल्लीनं उत्तर दिलं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

घाव, हात. घाव, हात. सुरेशभाऊंचा एकेक घाव असा पडत होता की पत्र्यावरची कबुतरं उडाली. भाताचा गोळा व्हायला लागला, बाया नाचायच्या बाकी राहिल्या. तेवढ्यात फोन लागला. पडद्यावर बाईंचा भाऊ, आणि त्याच्या मागे उशीवर एक लहानसा पांढरा चेहरा. डोळे मिटलेले.

बाई उठल्या. "तू बस," मला म्हणाल्या.

"मी?"

"तुझा हात पीठ ओळखते."

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं असं आपण सहज म्हणतो. सुरेशभाऊंच्या हातोड्याखाली हात घालून पाहा म्हणजे कळेल. पण मी बसले. घाव, हात. घाव, हात. बाई फोनपाशी वाकून आईला इंग्रजीत काहीबाही सांगत होत्या, ऐक, ऐक म्हणत होत्या. भावानं फोन आईच्या कानाशी नेला असावा. पडद्यावर आता फक्त पांढरे केस दिसत होते. गल्ली ओरडत होती, "हैशा! हैशा!"

तिकडून काही नाही. बाईंचे खांदे हळूहळू उतरत चालले होते.

आणि मग फोनमधून एक बारीक, पण चिडका आवाज आला. एकच शब्द.

बाईंनी मान वर केली. सगळे थांबलो. "काय म्हणते?" मी ओरडले.

"पाणी," बाई म्हणाल्या. "जपानीत बोलली. पाणी म्हणाली!" स्वयंपाकघरातले दोन-चार शब्द तेवढे त्यांना आजीकडून माहीत होते, त्यातला हा एक.

तिकडे भावानं घाईघाईनं पेला आणला. आईनं तो हातानं लोटला. पुन्हा तोच शब्द, आता जास्त चिडून. आणि पांघरुणावर तिचा हात आपटत होता. एकदा पालथा, एकदा उताणा. पालथा, उताणा.

बाईंनी तो हात पाहिला. मग वळून माझे हात पाहिले. कोपरापर्यंत भात चिकटलेला, गोळा फाटत चाललेला, आणि घाव पडताना आवाज बसका, जड. उलटणाऱ्याचा हात दर वेळी ओला पाहिजे, नाही तर तांदूळ धरून ठेवतो. बाईंनी बसण्याआधी शेजारी पाण्याची बादली ठेवली होती. ती कुठं गेली?

ती मी उचलली होती. चक्कीवालीच्या हाडात एकच गोष्ट भिनलेली असते, की धान्याजवळ पाणी येऊ द्यायचं नाही. पाणी लागलं की जातं बसतं, पीठ सडतं. बाई फोनकडे वळल्या तेव्हा, बसायच्या आधी, मला दाराशी गव्हाच्या पोत्यांजवळ बादली दिसली आणि माझ्या हातांनी मला न विचारता ती नेऊन मोरीत ठेवली होती.

बाई धावल्या. पासष्टीच्या बाई, गुडघे धरून जिना उतरणाऱ्या, बादली घेऊन अशा धावत आल्या की अर्धं पाणी माझ्या अंगावर. "हात बुडव!" ओरडल्या. बाई ओरडल्या! मी हात बुडवला. सुरेशभाऊंनी घाव घातला. ओला हात, घाव. ओला हात, घाव. आणि आवाज बदलला. टप्प! मोकळा, गोल, टाळीसारखा.

फोनमध्ये भाऊ रडत होता. त्यानं पडदा फिरवला तेव्हा आईचे डोळे उघडे होते. ती आमच्याकडे पाहत नव्हती, वर छताकडे पाहत होती. पण हात चालू होता. आणि प्रत्येक घावाला, अगदी बरोबर घावाला, ओठ हलत होते.

"तिचं कामच ते होतं," बाई मला म्हणाल्या. रडत होत्या आणि हसतही होत्या. "पाण्याचं भांडं धरायचं. लहान होती तेव्हा. आवाजावरून ओळखलं तिनं. एवढ्या दुरून!"

त्या दिवशी आमचं उखळ पांढरं झालं, खरोखरच तांदळानं पांढरं. लाडू सगळ्या गल्लीला पुरले. कुणी गुळासोबत खाल्ले, कुणी तिखट-तेलासोबत, आणि गुरुजींना दातांमुळे फार वेळ लागला.

संध्याकाळी सुरेशभाऊ ऑटो घेऊन आले. बाईंची एक बॅग, एक पिशवी. दोन हात, बस. त्यांनी बॅग उचलून पाहिली, पिशवी उचलून पाहिली, मी दिलेला लाडवांचा डबा उचलून पाहिला. मग उखळापाशी गेल्या. काठावरचा वाळलेला भात नखानं काढला, ओल्या हातानं आतून पुसलं. उचलून मात्र पाहिलं नाही.

"पुढच्या वर्षी येसान ना?" मी विचारलं.

"हे आहे ना इथी," त्या म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या.

त्या आईजवळ पोचल्या. काही आठवडे मिळाले दोघींना. आई गेल्याचं मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता आणि माझा नेहमीसारखाच मोठा. मी चक्की बंद करून रडले. या हिवाळ्यात बाई आल्या नाहीत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टर इतका लांबचा प्रवास करू देत नाहीत. वरची खोली रिकामी हादरत असते. मला त्यांची इतकी आठवण येते की येताजाता मीच डबे उचलून पाहते.

आणि मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत सिमेंट रोडवाले आले. नागपुरात आता गल्लीबोळांतही सिमेंट रोड होतात, तुम्ही पाहतच असाल. मुकादमानं उखळाकडे बोट दाखवून फर्मावलं, हे आजच्या आज हलवा. मी काहीच बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे केवढी गोष्ट! त्याची माणसं लागली. लोखंडी सब्बल आणली, दोर आणला. घागरभर घाम गाळला. उखळ तसूभर हललं नाही. गल्लीतल्या कोणीही हात लावला नाही. सुरेशभाऊ तर ऑटोत बसून मजा पाहत होते. शेवटी मुकादमानं कपाळावर हात मारला आणि रस्त्याला थोडी बगल दिली. आता आमचा सिमेंट रोड सरळ येतो, उखळापाशी वाकतो आणि पुन्हा सरळ जातो.

त्याचा फोटो मी बाईंना पाठवला. त्यांच्याकडे पहाट असेल, लगेच फोन आला.

"हलवत होते?"

"हाव."

"कोण हलवत होते? सरकार?"

"सरकारचेच समजा."

मग अगदी हळू, मला चक्की बंद करावी लागली इतकं हळू, त्यांनी विचारलं, "उचललं?"

"नाही बाई! नाही उचलत!" मी ओरडले.

बाई हसल्या. पहिल्यांदा मला त्यांचं हसू इतकं मोठ्यानं ऐकू आलं. "मग राहू दे," म्हणाल्या, "तिथीच राहू दे."